बदली प्रत

१

त्या पुस्तकाला तारेचे टाके दोन होते की तीन, हे मला आज खात्रीने सांगता येत नाही. हयातभर असल्याच गोष्टी मोजत आलेल्या माणसाने हे विसरावे, याचा मला धाक वाटतो. कारण टाके विसरलो असेन, तर बाकीचेही मी मागाहून मनाने जुळवलेले असेल. कुणकेश्वरच्या त्या दोन मुक्कामांची माझ्या रोजनिशीत नोंद नाही. पहिल्याची मी मुद्दाम केली नाही, दुसऱ्याची माझ्याने करवली नाही.

मी मुंबईच्या एका कॉलेजात मराठी शिकवत असे. पाठचिकित्सा हा माझा विषय. एकाच ग्रंथाच्या चार प्रती शेजारी ठेवायच्या आणि त्यांतला मूळ पाठ कोणता ते ठरवायचे. याच सवयीतून मला मुलांची चित्रांची पुस्तके जमवण्याचा नाद लागला. पोथ्या लोक सोवळ्यात ठेवतात, पण मुलांचे पुस्तक मुले फाडतात, रंगवतात, चावतात, आणि पहिली आवृत्ती तर बहुधा पहिल्याच पावसाळ्यात संपते. त्यामुळे एखादी हाती लागली की मला लहान मुलासारखा आनंद होई. पहिल्या पानावरचा शक, छापखान्याचे नाव, कागदाची जात, तिन्ही रंग एकमेकांवर नीट बसलेत की कडेने लाल रेघ सांडली आहे, हे सगळे मी भिंगाखाली पाहत असे.

मे महिन्याच्या सुट्टीत मी कोकणात फिरे. पिशवीत नेहमी बदली प्रती असत. घरच्यांचा एखाद्या पुस्तकावर जीव असला, तर त्याच पुस्तकाची नंतरची, स्वच्छ प्रत त्यांना द्यायची आणि जुनी मागून घ्यायची, अशी माझी पद्धत होती. बहुतेक लोक हसून देत. विचारल्याशिवाय मी कधी काही घेतले नाही. म्हणजे, एकदा सोडून.

२

पुस्तकाचे नाव होते ‘घर किती लांब’. आडवे, तळहाताहून थोडे मोठे. लाल परकरातली एक मुलगी समुद्रावरून घरी निघते. पुळण, होडी, माड, विहीर, देऊळ, असे पानापानाने ती पुढे येते आणि दर पानाखाली एकच प्रश्न असतो: घर किती लांब? मला बांद्याच्या बाजारात एका वाण्याकडे त्याची प्रत मिळाली होती. तिच्या शेवटच्या पानावर मुलगी पायरीवर उभी आहे आणि दार बंद आहे. त्यासमोर, पाठच्या वेष्टनाच्या, म्हणजे मलपृष्ठाच्या, आतल्या बाजूला, प्रकाशकाच्या इतर पुस्तकांची यादी. मला तो शेवट विचित्र वाटला. पुस्तक अपुरे असावे असे वाटले.

आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात दाजी नावाचा शिपाई होता, कुणकेश्वरचा. माझ्या नादाची तो थट्टा करी. “सर, आमच्याकडे लोक चूल पेटवायला कागद शोधतात आणि तुम्ही चुलीतून काढता.” त्यानेच सांगितले की त्याच्या काकीकडे असले एक पुस्तक आहे, लाल परकरवाल्या मुलीचे. काका आगबोटीवर खलाशी होते, त्यांनी मुंबईहून लेकीसाठी आणले होते. लेक, आनंदी तिचे नाव, चव्वेचाळीस साली पाच वर्षांची असताना तापाने गेली. पाठोपाठ काकाही गेले. काकी एकटी राहते.

१९५७ च्या मे महिन्यात मी दाजीबरोबर गेलो. देवळापासून अर्ध्या हाकेवर, माडांत, मातीच्या भिंतींचे तीन खणांचे घर होते. सत्यवतीकाकी पन्नाशीची, काटक, मोजके बोलणारी. तिने माझ्यासाठी शहाळे फोडले, खाली बसवले आणि मुंबईचा उकाडा कसा आहे असे विचारले. पुस्तकाचा विषय मी काढला नाही. काढावा लागलाच नाही.

दिवेलागणीला तिने देवापुढे दिवा लावला, कोनाड्यातून जुन्या लुगड्यात गुंडाळलेले पुस्तक काढले आणि दिव्याजवळ बसली. तिला वाचता येत नव्हते. ती बोट चित्रावर ठेवी आणि म्हणे, “खंय पावलंस गो?” कुठे पोचलीस गं, असे. मग थांबे. मग पान उलटी. दाजी मला डोळ्यांनीच म्हणाला, की हे रोजचेच आहे.

मी ओट्यावर बसून ऐकत होतो. दुःखी बाईची सवय, एवढेच मला वाटले. पण थोड्या वेळाने कानाला काहीतरी खटकले. मी नकळत मनगटावरच्या घड्याळाकडे पाहू लागलो. सवयीने थांबणारा माणूस सारखाच थांबतो. काकी पुळणीच्या पानावर चार सेकंद थांबली, होडीच्या पानावर सात, विहिरीच्या पानावर वीस. विहिरीपाशी तर तिने प्रश्न पुन्हा विचारला, जरा मोठ्याने, समोरच्याचे नीट ऐकू आले नाही म्हणजे आपण विचारतो तसा. देवळाच्या पानावर ती थांबलीच नाही. जणू प्रश्न पुरा होण्याआधीच उत्तर आले.

शेवटी तिने पाठचे वेष्टन उघडले, त्यावर हात फिरवला आणि म्हणाली, “इलंस मां? नीज आता.” आलीस ना, एवढे विचारून तिने पुस्तक मिटले. घरात एकदम शांत झाले. आधी कसला आवाज होता, हे मात्र मला सांगता आले नसते.

३

दुसऱ्या सकाळी मी पुस्तक मागून पाहिले. माझ्या प्रतीत जिथे जाहिरातीची यादी होती, तिथे इथे चित्र होते. उघडे दार, आत समई, आणि घोंगडीवर झोपलेली ती मुलगी. चित्राखाली एक अक्षर नाही. बाकीची पाने हुबेहूब तीच. दोन्ही प्रतींच्या पहिल्या पानावर ‘आवृत्ती पहिली, शके १८६१’ असेच छापलेले. म्हणजे एक प्रत खोटे बोलत होती, आणि कोणती ते मी क्षणात ठरवले. शके १८६१ म्हणजे एकोणचाळीस साल. महायुद्ध सुरू झाले, कागद महागला, प्रकाशकाने रंगीत चित्र काढून तिथे जाहिरात घातली. काकीची प्रत पहिली, माझी नंतरची. इतके सरळ. कोणत्याही संग्रहात नसलेली चीज माझ्या हातात होती.

मी बदली प्रत पुढे केली. ती स्वच्छ आहे, फाटलेली नाही, असे सांगितले. काकीने तिच्याकडे पाहिलेही नाही.

“ह्यां देवक जमाचां नाय, मास्तरांनू,” ती म्हणाली. “चेडवाचां आसा.”

लेकीची वस्तू आहे, देता येणार नाही. मी हसलो आणि विषय सोडला. दुपारी ती विहिरीवर गेली, दाजी बंदराकडे मासे पाहायला गेला. मी कोनाड्यातले पुस्तक काढले, लुगड्याचा तुकडा माझ्या प्रतीभोवती गुंडाळला आणि होता तसा परत ठेवला. सगळ्याला एक मिनिटही लागले नसेल. लुगड्याच्या घड्या मी मोजून घातल्या. तेवढे मला चांगले आठवते.

मनाशी मी हिशेब असा मांडला, की तिला अक्षर येत नाही, चित्रे तीच आहेत, आणि शेवटचे वाक्य ती पाठच म्हणते. तिचे काय गेले? शेवटचे चित्र गेले, हे मला ठाऊक होते. ते मी मनाशीसुद्धा उच्चारले नाही.

त्या संध्याकाळी, दिवे लागायच्या आत, मी देवगडची गाडी पकडली.

४

मुंबईला आल्यावर मी लेख लिहिला. एका त्रैमासिकाने तो घेतला आणि समईच्या चित्राचा ठसा करायला पुस्तक मागितले. ठसेवाल्याला वेष्टन सुटे हवे होते, म्हणून मीच नखाने तारा उघडल्या. टाके मोजायची ती वेळ होती; पुढे वेष्टन गोंदाने चिकटवले गेले आणि भोकेही बुजली.

दिवाळीनंतर दाजी गावाहून आला तो थट्टा न करता. काकीचे बरे नाही म्हणाला. म्हणजे अंगाने ठीक आहे, पण दिवेलागणीला पुस्तक घेऊन बसते ती उठतच नाही. शेवटच्या पानाशी येते, थांबते, आणि परत पुळणीपासून सुरू करते. जेवण विसरते. आणि तिने सुताराला बोलावून घराचे दार काढून घेतले आहे. दोन्ही फळ्या अंगणात गवतावर पडल्या आहेत. शेजारणी विचारतात तर म्हणते, मूल दाराशी उभे आहे, मी कसे लावू?

“सर,” तो म्हणाला, “तुम्ही वाचून पाहिलं होतं ना ते पुस्तक? त्यात काही होतं का असं?”

मी म्हणालो, मुलांचे साधे पुस्तक आहे.

त्याच दिवशी मी ठसेवाल्याकडे जाऊन वेष्टन परत आणू शकलो असतो. अंक माघात निघणार होता. पुस्तक नंतर परत करावे असे मी ठरवले. अंक लांबला, चैत्रावर, मग ज्येष्ठावर गेला. मीही लांबलो.

५

१९५८ च्या मे महिन्यात मी एकटाच गेलो, आणि रिकाम्या हाताने. वेष्टन अजून ठसेवाल्याकडेच होते. मग मी कशाला गेलो? सगळे सांगून टाकायला, असे मी वाटेत स्वतःला सांगत होतो. वाडीत पोचलो तेव्हा ऊन उतरले होते.

दाराच्या जागी नुसती चौकट होती. काकी वाळली होती, पण मला पाहून खुश झाली. नुकतेच तिने अंगण, ओटा, पायरी सगळे शेणाने सारवले होते. ओल अजून चमकत होती. पाय कुठे ठेवावा कळेना. पायरीच्या उजव्या कोपऱ्यात तेवढा ताटाएवढा एक कोरडा तुकडा दिसला, म्हणून मी तिथे टेकलो.

टेकल्यावर पहिली गोष्ट जाणवली ती ही, की ती जागा कोमट होती. दुपारचे ऊन असेल, म्हणून मी वर पाहिले. वर झावळ्यांचे दाट छप्पर होते. पायरीवर दिवसभर ऊन येणे शक्य नव्हते.

काकी चुलीकडून आली आणि अगदी मऊपणे म्हणाली, “जरा सरान बसा, मास्तरांनू. थंय तां बसता.” तिथे ते मूल बसते.

मी उठलो. मग नीट पाहिले. सारवणाचे हात त्या तुकड्याभोवती वळलेले होते. कोणी बसलेले असताना, त्याला न उठवता आपण आजूबाजूने सारवतो, तसे. मी ओल्यातच, पायरीच्या दुसऱ्या टोकाला बसलो. धोतर भरले. ते बरे वाटले, का कोण जाणे.

पाणी दिल्यावर ती स्वतःच पुस्तकावर आली. माझा कबुलीजबाब जिभेवर होता, पण तिने मला बोलू दिले नाही, किंवा मी तसे होऊ दिले. ती सांगत होती की पुस्तक बदलले. गेल्या वर्षी बदलले. पोरीचे आता एकोणिसावे चालू आहे. शाळेत नाही का, पहिलीच्या पुस्तकात चित्रे असतात आणि वरच्या इयत्तेत अक्षरे वाढतात. तसेच हे.

“चेडू मोठां झालां,” ती म्हणाली. “म्हणान चित्र गेलां नि अक्षरां इली. चूक माझी. माका अक्षरां येनत नाय, म्हणान तां भायर रवलां.” तिने पुस्तक माझ्यापुढे धरले. “तुमी वाचा. घराक घेवा तेका.” लेकीला घरात घ्या, एवढेच.

तिच्या चेहऱ्यावर दोष देण्याची पुसटशीही खूण नव्हती. उलट थोडा अभिमान होता, लेक वरच्या वर्गात गेलेल्या आईला असतो तसा. आणि लाजही होती, स्वतःच्या अडाणीपणाची.

६

तिने दिवा लावला. मी उंबऱ्याच्या आत बसलो, ती माझ्या शेजारी. तिने विचारले, “खंय पावलंस गो?” आणि मी एकेक पान उलटत गेलो. थांबण्याच्या जागा आता तीच ठरवत होती. तिने मान हलवली की मी पान उलटायचे. बाहेर पुळणीवर समुद्राचा आवाज होता, माडांचा होता. मी त्या दोन आवाजांच्या मधले काही ऐकायचा प्रयत्न करत नव्हतो.

पायरी आली, बंद दार आले. “आता,” काकी म्हणाली.

समोर यादी होती. ‘आमची मुलांसाठी मनोरंजक पुस्तके’, आणि खाली बारीक टाइपात नावे, पाने, किमती.

मी काहीही वाचू शकलो असतो. हे मला पुढल्या चाळीस वर्षांत रोज समजत आले आहे. ‘आईने दार उघडले, मुलगी आत आली, निजली’, एवढे तीन शब्दगट. त्या घरात कोणालाही अक्षर येत नव्हते. कोणी मला खोटे म्हटले नसते. पण ज्याने आयुष्यभर विद्यार्थ्यांना बजावले, की पानावर आहे तेच वाचा, पदरचे घालू नका, त्याच्या तोंडातून दुसरे काही निघाले नाही. निदान मी माझी समजूत अशी घालतो. खरे कारण कदाचित एवढेच असेल, की मला भीती वाटली. मी तो शेवट उच्चारला असता तर कोणीतरी आत आले असते.

मी वाचले. “अंकलिपी, सचित्र, पृष्ठे चोवीस, किंमत दोन आणे. प्राण्यांची सभा, पृष्ठे सोळा, किंमत तीन आणे. टपालखर्च निराळा.” पोथी वाचतो त्या आवाजात वाचले. काकी हात जोडून ऐकत होती. मधेच तिने उंबऱ्याबाहेर पाहून ‘ऐक’ अशी खूण केली. “पुस्तकविक्रेत्यांस योग्य सवलत,” मी वाचले, आणि थांबलो.

“इतक्यांच?” तिने विचारले.

इतकेच, असे मी म्हणालो.

ती पायरीकडे कान देऊन राहिली. या वेळी मी घड्याळ पाहिले नाही. फार वेळ गेला. मग ती मला म्हणाली, जसा निरोप सांगावा तशी, “तां विचारता, मगे घराक कधी पोचाचां?”

उठायचे म्हणून मी दिव्याच्या उजेडात पाय ठेवायला जागा शोधली. पायरीवरचे सारवण सावलीत अजून ओले होते. उजव्या कोपऱ्यातला कोरडा तुकडा होता तिथेच होता. तसाच दुसरा, ताटाएवढा, मी वाचत बसलो होतो त्याच्या अगदी समोर, उंबऱ्याला लागून होता.

तो आधीपासून असेल. येताना मी फक्त एकाच बाजूला पाहिले होते. मी त्याला ओलांडून बाहेर पडलो, आणि ओलांडताना, घरात मुले झोपलेली असताना उचलतो तसा, पाय उगाचच उंच उचलला.

७

सत्यवतीकाकी त्याच श्रावणात गेली. दाजीने सुतक संपल्यावर लुगड्यातले पुस्तक माझ्या टेबलावर आणून ठेवले. जाण्याच्या आदल्या दिवशी तिने त्याच्याकडे दिले होते आणि सांगितले होते, “मास्तरांका सांग, रवलेला वाचा म्हणान.” राहिलेले वाचा. “काय राहिलं होतं, सर?” दाजीने विचारले. मी म्हणालो, काही नाही.

आता दोन्ही प्रती माझ्याकडे आहेत. समईवालीची तारीफ बरीच झाली. माझ्या सूचीत ती पहिल्या क्रमांकावर आहे. दुसरी मी कपाटात ठेवली, आणि दिवेलागणीला ते कपाट असलेल्या खोलीत बसणे सोडले. माझी पत्नी हयात असताना एकदा म्हणाली होती, की तुम्ही हल्ली बाहेरचे दार लोटूनच का ठेवता, कडी का नाही लावत? मला तोवर ते लक्षातच आले नव्हते.

१९६७ मध्ये फोंडाघाटच्या बाजारात मला गुरुदास नावाचे एक वृद्ध गृहस्थ भेटले. ते ‘घर किती लांब’ छापणाऱ्या छापखान्याच्या बांधणीखात्यात होते, हे बोलता बोलता निघाले. मी त्यांना युद्ध, कागद आणि चित्राच्या जागी आलेली जाहिरात हे सगळे सांगितले. ते म्हणाले, उलटे. आधी जाहिरातच होती, कारण गोष्ट लिहिणाऱ्याने शेवट दाराशीच केला होता. महिन्याभरात पत्रे यायला लागली. मग मालकाने उरलेल्या प्रतींची वेष्टने काढायला लावली आणि चित्राची नवी चढवली. आतली पाने तीच राहिली, म्हणून शकही तोच राहिला. टाके त्यांनी स्वतः उसवले होते.

मी माझ्या स्वभावाप्रमाणे त्यांच्या शब्दावर थांबलो नाही. प्रकाशकाच्या पुतण्याकडे जुन्या पत्रांचे बाड होते, ते मागून पाहिले. अकरा पत्रे होती, सगळी शके १८६१ च्या मार्गशीर्ष आणि पौषातली, वेगवेगळ्या गावांहून आलेली, सगळी आयांनी लिहिलेली किंवा कोणाकडून लिहवून घेतलेली. मूल निजत नाही, दार लावू देत नाही, असे बहुतेकींनी लिहिले होते. आणि शेवटी अकरा जणींनी मागणे एकच केले होते, की कृपा करून त्या मुलीला घरात घ्यावे.